दुःखाचे प्रयोजन कोणी सांगावे?

ख्रिस्ती घरावर दुःखाचा प्रसंग ओढवला की मंडळीतील माणसे भेटीस येतात, पाळक प्रार्थना करतात, आणि निरोप घेताना कोणीतरी हलक्या आवाजात म्हणतो, "देवाचा यात काहीतरी हेतू असेल." बोलणाऱ्याच्या मनात माया असते यात शंका नाही. परंतु ज्याच्या घरातले माणूस गेले, ज्याची नोकरी सुटली, जिच्या लेकराला असाध्य व्याधी जडली, त्यांच्या कानांवर हे वाक्य कसे पडते याचा विचार आपण क्वचितच करतो. काहींना त्याने धीर येतो. काहींच्या मनात मात्र एक प्रश्न सलत राहतो : आपला हेतू साधण्यासाठी देवाला माझेच मूल हवे होते काय?

हा प्रश्न उद्धट वाटला तरी तो अविश्वासाचा नव्हे. ईयोबाने याहून कठोर प्रश्न विचारले होते, आणि ग्रंथाच्या शेवटी परमेश्वराने दोष दिला तो ईयोबाला नव्हे, तर त्याच्यापुढे देवाची बाजू मांडू पाहणाऱ्या त्याच्या तिघा मित्रांना. तेव्हा संकटात प्रयोजन सापडते काय, आणि सापडत असेल तर ते कोणी, कोणाला व केव्हा सांगावे, हे दोन प्रश्न वेगळे करून पाहणे अगत्याचे आहे.

बंगळूरचा दुष्काळ

बंगळूर शहर मराठी माणसाला परके नाही. सतराव्या शतकात शहाजीराजांची जहागीर येथे होती. पुढच्या काळात मराठी ख्रिस्ती येथे आले ते प्रामुख्याने शिक्षणासाठी व नोकरीसाठी. १९१० साली स्थापन झालेल्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमुळे या शहराचे नाव आपल्या अनेक मंडळ्यांना परिचयाचे झाले. अलीकडे माणसे येथे उपचारासाठीही येतात. निम्हान्स किंवा किडवाई कर्करोग संस्था यांसारख्या रुग्णालयांत दूरदूरच्या गावांहून रुग्ण येतात आणि त्यांच्यासोबत आलेले नातेवाईक दिवसेंदिवस वाट पाहतात. दुःखाच्या प्रयोजनाविषयी जे काही लिहायचे ते या माणसांसमोर उभे राहून वाचता येईल असे असावे, ही कसोटी आपण स्वतःला लावून घेतली पाहिजे.

याच शहराने व त्याच्या भोवतालच्या मैसूर राज्याने १८७६ ते १८७८ या काळात एक भयंकर दुष्काळ पाहिला. खेड्यापाड्यांतून भुकेलेली माणसे बंगळूरच्या वाटेला लागली. कित्येक वाटेतच पडली. १८७१ च्या जनगणनेत मैसूर राज्याची लोकसंख्या सुमारे ५० लाख होती, ती १८८१ साली सुमारे ४२ लाखांवर आली. दहा वर्षांत लोकसंख्या वाढायची, ती आठ लाखांहून अधिक घटली. या आकड्यामागे किती चुली विझल्या असतील याची कल्पनाही करवत नाही.

यात देवाचा हेतू काय होता? ज्या काळात माणसे अन्नावाचून मरत होती, त्याच काळात हिंदुस्थानातून धान्याची निर्यात चालू होती. खर्च आटोक्यात ठेवण्याच्या धोरणापायी मदतकार्यावर राबणाऱ्या मजुरांचा शिधा कमी करण्यात आला. पाऊस पडला नाही हे खरे. पण सगळी माणसे केवळ पावसाअभावी मेली हे खरे नव्हे. अशा वेळी 'ही देवाची इच्छा' असे म्हणणे म्हणजे माणसाचा अपराध देवाच्या नावावर लिहिणे होय. संदेष्ट्यांनी आयुष्यभर ज्या पापाविरुद्ध आवाज उठवला, त्या पापावर आपण भक्तीची शाल पांघरू नये.

एका मुलीची भूक

या मोठ्या दुष्काळाच्या थोडे आधी, १८७४ च्या सुमारास, दक्षिणेत मद्रास इलाख्याच्या बाजूला दुष्काळ पडला. त्यात एक विद्वान ब्राह्मण कुटुंब सापडले. अनंतशास्त्री डोंगरे, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई व त्यांची मुले. धाकटी मुलगी रमा हिचा जन्म १८५८ साली सह्याद्रीतील गंगामूळ येथे, म्हणजे आजच्या कर्नाटकात झाला. ती काही महिन्यांची असतानाच हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले, आणि वेताच्या टोपलीत बसून तिचा प्रवास सुरू झाला. पुराण सांगावे, मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह करावा, असा त्यांचा क्रम होता. दुष्काळात दक्षिणा देणारेच उरले नाहीत. होते नव्हते ते विकून झाले. रानात पाने व जंगली खजूर खाऊन दिवस काढण्याची वेळ आली. वडील गेले. काही महिन्यांत आई गेली. पुढे बहीणही गेली.

आईच्या अखेरच्या दिवसांतील एक प्रसंग पंडिता रमाबाईंनी स्वतः सांगितला आहे. भुकेलेल्या आईसाठी भाकरीचा तुकडा मागावा म्हणून ही मुलगी एका शेजारणीच्या दारी गेली. पण लाजेने तिच्या तोंडून शब्द फुटेना. त्या बाईने तिच्या चेहऱ्यावरून ओळखले आणि भाकरी दिली. आईला ती खाण्याचेही त्राण उरले नव्हते. आई गेल्यावर तिरडीला खांदा द्यायला पुरेशी माणसे मिळेनात, तेव्हा रमाबाईंनाच ती उचलावी लागली. उंची कमी असल्यामुळे खांद्याऐवजी ती डोक्यावर धरावी लागली.

त्या क्षणी कोणी पुढे होऊन तिला म्हणाले असते की, "मुली, यात एक मोठा हेतू आहे. तू पुढे हजारो निराधार स्त्रियांची आई होणार आहेस," तर ते बोलणे खोटे ठरले नसते. तरीही ते क्रूर झाले असते. त्या दिवशी तिच्या आयुष्यात देवाचे प्रतिनिधित्व केले ते भाकरी देणाऱ्या शेजारणीने. तिने दुष्काळाची मीमांसा केली नाही. तिने चेहरा वाचला आणि हात पुढे केला.

पुढचा इतिहास वाचकांना ज्ञात आहे. १८८० साली भाऊ गेला. १८८२ साली, विवाहाला दोन वर्षेही झाली नसताना, पती बिपिनबिहारी मेधावी यांचे निधन झाले, आणि रमाबाई तान्ह्या मनोरमेसह मागे राहिल्या. १८८३ मध्ये त्या वैद्यकीय शिक्षण घेण्याच्या उद्देशाने इंग्लंडला गेल्या, तर कानांनी साथ सोडल्यामुळे ती वाटही बंद झाली. त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन सुरू केले. आणि मग १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याच्या बातम्या आल्या.

येथे आपल्या प्रश्नाचे एक उत्तर मिळते. दुष्काळाची बातमी अनेकांनी वाचली. पण रमाबाईंच्या लेखी ती बातमी नव्हती, ओळख होती. रानातली पाने खाऊन राहणे म्हणजे काय, तोंडून शब्द न फुटणे म्हणजे काय, हे त्यांना पाठ होते. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यातून उभे राहिले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. आंधळ्या स्त्रियांसाठी तेथे वेगळे सदन झाले, छापखाना झाला, आणि ज्या मुलींना जगाने टाकले होते त्यांच्या हातांनी पवित्र शास्त्राचे खिळे जुळवले गेले.

रमाबाईंची जुनी भूक या कार्याचे मूल्य म्हणून आधीच वसूल करण्यात आली होती, असे म्हणायचे काय? तसे म्हणता येणार नाही. पण ती भूक वाया गेली नाही, असे निश्चित म्हणता येते. ती त्यांच्या ठायी दृष्टी होऊन राहिली. शेजारणीने जसा त्यांचा चेहरा वाचला, तसे शेकडो चेहरे त्यांनी वाचले.

कारण आणि प्रयोजन

आपल्या भाषेत 'कारण' आणि 'प्रयोजन' असे दोन शब्द आहेत, आणि आपला बराचसा गोंधळ ते एकत्र केल्यामुळे होतो. कारण मागे पाहते : हे का झाले? प्रयोजन पुढे पाहते : आता यातून काय करावयाचे? योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनी कारण विचारले. पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही उत्तरे नाकारली, शिष्यांचे लक्ष देवाच्या कार्याकडे वळवले आणि लगेच ते कार्य हाती घेतले. चिखल केला, डोळ्यांना लावला. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांविषयी बोलतानाही प्रभूने त्या मृतांच्या माथी विशेष पाप मारण्यास नकार दिला. पौल प्रेषित रोमकरांस लिहिताना सर्व गोष्टी चांगल्या असतात असे म्हणत नाही. सर्व गोष्टींतून देव आपल्यावर प्रीती करणाऱ्यांचे कल्याण घडवून आणतो, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. या दोन विधानांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पहिल्यात दुःखालाच चांगले म्हणावे लागते. दुसऱ्यात दुःख दुःखच राहते, वाईट वाईटच राहते. मात्र त्याला शेवटचा शब्द बोलू दिला जात नाही.

योसेफाची कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. उत्पत्तीच्या पन्नासाव्या अध्यायात तो भावांना सांगतो की, तुम्ही वाईट योजले, पण देवाने त्यातून बहुतांचे प्राण वाचवण्याचे कार्य साधले. हे वाक्य आपण किती वेळा उद्धृत करतो! पण ते कोण बोलला? ज्याला खड्ड्यात टाकले तो. केव्हा बोलला? विकले जाणे, तुरुंग आणि अनेक वर्षे भोगून झाल्यावर. आता हेच वाक्य भावांच्या तोंडी घालून पाहा. खड्ड्याच्या काठावर उभे राहून ते खाली पाहत म्हणतात, "योसेफा, काळजी करू नकोस, देवाचा यात हेतू आहे." शब्द तेच, सत्यही कदाचित तेच, पण खड्ड्यातून बाहेर आलेल्याच्या तोंडी जी साक्ष, ती काठावरच्या माणसाच्या तोंडी थट्टा होते.

म्हणून आमचे नम्र मत असे की, दुःखाचे प्रयोजन हे प्रथमपुरुषी सत्य आहे. 'माझ्या दुःखातून देवाने हे घडवले' असे म्हणण्याचा अधिकार ज्याने भोगले त्याला आहे. 'तुझ्या दुःखात देवाचा हा हेतू आहे' असे म्हणण्याचा अधिकार आपणांपैकी कोणालाही दिलेला नाही.

आजाऱ्याने आजाऱ्यास

बंगळूरशी संबंध आलेले आणखी एक उदाहरण येथे द्यावेसे वाटते. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या एमी कारमायकल या मिशनरी म्हणून प्रथम जपानला गेल्या. पण प्रकृतीने दगा दिला आणि परतावे लागले. १८९५ साली त्या बंगळूरच्या झनाना मिशनच्या रुग्णालयात काम करण्यासाठी आल्या. येथील हवा त्यांच्या प्रकृतीला मानवेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात आगमन झाले ते तापाने फणफणलेल्या अवस्थेत. वर्षभराने त्या तिरुनेलवेलीकडे गेल्या. १९०१ मध्ये देवळातून पळून आलेली एक लहान मुलगी त्यांच्याकडे आली आणि पुढे डोहनावूर येथे अशा शेकडो मुलांचे घर उभे राहिले. १८९५ पासून मृत्यूपर्यंत त्या मायदेशी परतल्या नाहीत.

१९३१ साली एका घराची पाहणी करताना त्या खड्ड्यात पडल्या. पाय मोडला. तेव्हापासून १९५१ साली देवाघरी जाईपर्यंतची जवळजवळ वीस वर्षे त्यांनी बहुतांशी आपल्या खोलीतच काढली. ज्या बाईने मुलांसाठी रात्री-अपरात्री मैलोन्‌मैल प्रवास केला, तिला आता दुसऱ्याच्या आधाराशिवाय हालता येईना. याच खोलीतून त्यांनी अनेक पुस्तके लिहिली. त्यांतले १९३३ चे 'रोझ फ्रॉम ब्रायर' हे आजारी माणसाने आजारी माणसांना लिहिलेले पुस्तक आहे. निरोगी माणसांनी आजाऱ्यांसाठी लिहिलेला उपदेश आजाऱ्याला कसा रुचत नाही, हे त्यांना बिछान्यावर पडल्यानंतर कळले होते. आपण वर ज्याला प्रथमपुरुषी सत्य म्हटले, त्याचेच हे उदाहरण नव्हे काय? अंथरुणाला खिळलेल्या वाचकाने त्यांचे शब्द स्वीकारले, कारण ते शब्द अंथरुणावरूनच आले होते.

ज्यांची कहाणी अपुरी राहिली

आता एक आक्षेप टाळून पुढे जाता येणार नाही. रमाबाई वाचल्या, म्हणून मुक्ती सदन झाले. पण त्यांची बहीण कृष्णाबाई? ती भुकेच्या त्याच काळात गेली. तिच्या दुःखातून कोणती संस्था उभी राहिली? मैसूर राज्यातील त्या लाखो माणसांच्या मरणातून कोणते प्रयोजन निष्पन्न झाले? दुःखाला अर्थ येतो तो त्यातून निघालेल्या फळामुळे, असे आपण मानले, तर जे फळ येण्याआधीच खुडले गेले त्यांचे दुःख निरर्थक ठरते. आणि दोन हजार मुली वाचल्या म्हणून एका आईची भूक भरून निघाली, असा हिशेब मांडला, तर आपण देवाला सावकार करून टाकतो.

ख्रिस्ती विश्वास असा हिशेब मांडत नाही. त्याचे उत्तर वधस्तंभावर आहे, आणि ते उत्तर प्रथम युक्तिवाद नसून सोबत आहे. प्रभू येशूने वधस्तंभावरून जगाच्या दुःखाचे स्पष्टीकरण दिले नाही. देवाने आपल्याला का सोडले असा आक्रोश केला. ज्यांची कहाणी अपुरी राहिली, त्यांच्या ओठांवरचा प्रश्न देवाच्या पुत्राने आपल्या ओठांवर घेतला. म्हणजे निष्फळ वाटणाऱ्या मरणातही मनुष्य देवाविना नसतो. कृष्णाबाईची व त्या अनामिकांची किंमत त्यांच्या हातून काय घडले यावर अवलंबून नाही. त्यांना कोण ओळखतो यावर आहे. त्यांच्या जीवनाचे प्रयोजन आपल्या हाती नाही. ते ज्याच्या हाती आहे, त्याच्या हातांवर खिळ्यांचे व्रण आहेत.

पुनरुत्थानानंतरही ते व्रण राहिले, ही शुभवर्तमानातील अत्यंत विचार करण्यासारखी बाब आहे. मरणावर विजय मिळवणाऱ्याला जखमा पुसून टाकणे अशक्य होते काय? तरी त्या राहिल्या, आणि थोमाने प्रभूला ओळखले ते त्या व्रणांवरूनच. देव दुःख घडलेच नाही असे भासवत नाही. तो जखम पुसत नाही, तिला ओळखीची खूण करतो. पौलाच्या शरीरातील काटाही काढला गेला नाही; कृपा मात्र पुरेशी देण्यात आली.

रमाबाईंच्या अखेरच्या वर्षांकडे पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. त्यांची कहाणी सुखान्त म्हणून सांगणे सोपे आहे, पण ती तशी नाही. ज्या लेकीवर मुक्तीच्या कार्याची धुरा सोपवण्याची आशा होती, ती मनोरमा १९२१ साली आईच्या आधी गेली. रमाबाईंचे ऐकणे फार मंदावले होते, शरीर थकले होते. त्या पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराकडे परत वळल्या. साध्याभोळ्या स्त्रीला कळेल अशा मराठीत शास्त्र उतरवण्यासाठी त्यांनी हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास केला होता. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. भाषांतर त्याआधी पुरे झाले होते, ते छापून प्रसिद्ध झाले १९२४ मध्ये. लेकीच्या मरणाचे 'कारण' त्यांना कळले असेल असे मानण्यास आधार नाही. परंतु हाती असलेले काम त्यांनी पुढे नेले. विश्वासाचे स्वरूप बहुधा असेच असते : उत्तर मिळाले म्हणून नव्हे, तर सोबत आहे म्हणून उद्याचे पान लिहावयास घेणे.

आपण काय करावे?

मग दुःखी माणसाजवळ जाऊन मंडळीने मौनच पाळावे काय? तसे नाही. ईयोबाच्या मित्रांनी पहिले सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर बसून काढले. त्यांचे तेवढे दिवस चांगले गेले, बिघडले ते तोंड उघडल्यावर. तेव्हा बसावे. 'देव तुला सोडणार नाही' असे म्हणावे, कारण हे अभिवचन आहे आणि ते सांगण्याचा आपल्याला अधिकार आहे. 'म्हणूनच देवाने हे केले' असे म्हणू नये, कारण तो अंदाज आहे. दुःखाच्या मुळाशी अन्याय असेल, मजुरी बुडवली असेल, औषध नाकारले असेल, स्त्रीला छळले असेल, तर तिला सोशिकपणाचा उपदेश करण्याआधी अन्याय करणाऱ्याला जाब विचारावा. आणि रुग्णालयाच्या आवारात ताटकळत बसलेल्या नातेवाइकाला प्रयोजन सांगण्यापूर्वी, त्याने सकाळपासून काही खाल्ले आहे काय हे विचारावे.

आणि वाचकहो, आपण स्वतःच खड्ड्यात असाल तर? तर आपल्या दुःखाचा अर्थ आजच सापडला पाहिजे, असे ओझे स्वतःवर घेऊ नका. तो सापडत नाही म्हणून आपला विश्वास कमी आहे, असेही समजू नका. योसेफाला तो तुरुंगात ठाऊक नव्हता. तिरडी डोक्यावर घेतलेल्या त्या मुलीला तो ठाऊक नव्हता. आज एवढेच पुरे की, आपल्या प्रश्नाने देव रागावत नाही, आणि आपल्या आधी त्या अंधारात तो उतरलेला आहे. पुढे कधी आपल्यासारखाच एखादा चेहरा आपल्या दारी येईल आणि त्याच्या तोंडून शब्द फुटणार नाही. आपण तो ओळखाल. त्या दिवशी कदाचित आपल्या दुःखाचे प्रयोजन आपल्याला दिसेल. कदाचित दिसणारही नाही. भाकरी मात्र त्याच्या हाती पडलेली असेल.